सर्वांत मोठा आकडा म्हणजे उत्तर नव्हे

द्रावणातल्या अभिक्रियेची उष्णता मोजायची म्हणजे पदार्थ मिसळायचे, तापमान जिथवर चढेल तो आकडा टिपायचा आणि सूत्रात घालायचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. सूत्र बरोबरच आहे: वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता) × तापमानातली वाढ. चुकतो तो तिसरा आकडा.

जस्त आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या. जस्त द्रावणातल्या तांब्याची जागा घेतं आणि उष्णता बाहेर पडते. झाकण असलेल्या थर्मोकोलच्या पेल्यात ०.२ मोलार मोरचुदाचं ५० मिलिलीटर द्रावण पिपेटनं मोजून घ्यायचं. त्यात तांब्याचे आयन ०.०१ मोल (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या; मोलार म्हणजे लिटरमागे तितके मोल). जस्ताची बारीक पूड दीड ग्रॅम. गरज ०.६५ ग्रॅमचीच, पण जस्त जादा असलं की सगळं तांबं बाहेर पडतं आणि पुडीचं वजन काटेकोर लागत नाही. जुन्या पुडीवर ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे अभिक्रिया रेंगाळते.

पहिली तीन मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवायचं. तिसऱ्या मिनिटाला फक्त पूड टाकायची. पुढे बाराव्या मिनिटापर्यंत पुन्हा नोंदी, ढवळणं न थांबवता. थर्मामीटर ०.१ अंशाचा हवा. वाढच दहा अंशांच्या आसपास असताना एका अंशाची चूक म्हणजे दहा टक्के.

समजा, तापमान २५.० वरून ३३.६ वर गेलं आणि उतरू लागलं. द्रावण पाण्यासारखंच धरून (५० ग्रॅम, विशिष्ट उष्माधारकता ४.१८) ८.६ × ५० × ४.१८ म्हणजे सुमारे १८०० ज्यूल, मोलमागे १८० किलोज्यूल. मान्य मूल्य २१९ च्या आसपास आहे.

घोळ असा, की अभिक्रिया पुरी व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पेला भरता भरताच गळणाऱ्या हौदासारखा उष्णता गमावत असतो. खरं शिखर थर्मामीटरला कधी दिसतच नाही. म्हणून आलेख काढून उतरणीची सरळ रेषा मागे, तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवायची. तिथे ३४.७ आलं, तर वाढ ९.७ अंश आणि उत्तर २०३. काटेकोर माणसं इथेही थांबत नाहीत. चढत्या काळात द्रावण अजून कमी तापलेलं असतं, म्हणून गळतीही कमी. तिसऱ्या मिनिटापर्यंत मागे गेल्यास दुरुस्ती किंचित जास्त होते. वाढ घातांकी असेल, तर एकूण वाढीच्या ६३ टक्के वाढ झाली तो क्षण धरतात.

२०३ आणि २१९ यांच्यातली बाकीची उष्णता पेल्यानं आणि थर्मामीटरनं घेतली. ती शोधायला त्याच पेल्यातल्या २५ अंशांच्या ५० ग्रॅम पाण्यात ४५ अंशांचं ५० ग्रॅम पाणी ओतायचं. ३५ ऐवजी ३४.६ आलं, तर पेल्याचा वाटा अंशामागे सुमारे १७ ज्यूल. द्रावणाचा वाटा अंशामागे ५० × ४.१८ म्हणजे २०९. आता (२०९ + १७) × ९.७ केलं की मोलमागे २१९. हे आकडे समजावण्यासाठी सोयीचे घेतलेत. प्रत्यक्षात इतकं गोड जुळत नाही.

ढवळण्याला कमी लेखू नये. मार्च १९८९ मध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत यूटा इथे ‘शीत संलयना’चा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवल्याचा, गाजावाजा केला, तेव्हा मुख्य आधार जादा उष्णतेच्या मोजमापाचाच होता. टीकाकारांनी विचारलं, पात्रातला द्रव सगळीकडे सारखा तापला होता का? वर्तमानपत्रांना तोवर अमर्याद ऊर्जा सापडलीही होती.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं उदासिनीकरण मात्र क्षणात उरकतं, त्यामुळे आलेखाची दुरुस्ती नगण्य असते. एक मोलारची ५०-५० मिलिलीटर द्रावणं, दोन्ही आधी एकाच तापमानाला आणलेली, मिसळली की वाढ सुमारे साडेसहा अंश. दोन्ही दुप्पट घेतली तरी वाढ जवळपास तेवढीच. उष्णता दुप्पट, पण तापवायचं पाणीही दुप्पट.