डोलड्रम्स

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 5 अंशांपर्यंतच्या, मंद आणि बेभरवशाच्या वाऱ्यांच्या सागरी पट्ट्याचे खलाशांमधले नाव. शालेय भूगोलात तो ‘विषुववृत्तीय शांत पट्टा’ म्हणून भेटतो. रोजच्या इंग्रजीत मात्र एखादी गोष्ट ‘डोलड्रम्समध्ये’ आहे म्हणजे तिला मरगळ आली आहे. उदास मन, थंडावलेला शेअर बाजार, हरत सुटलेला क्रिकेट संघ, कशालाही हा शब्द चालतो.

ईशान्य आणि आग्नेय व्यापारी वारे या भागात एकमेकांना भेटतात. तापलेली दमट हवा वर चढते, त्यामुळे पृष्ठभागावर वारा पडतो आणि डोक्यावर गडगडाटी ढग उभे राहतात. म्हणजे ‘शांत’ हे नाव अर्धेच खरे. तासन्‌तास वाऱ्याची झुळूक नसते आणि मग पावसासकट असा सोसाटा सुटतो, की शिडे उतरवताना खलाशांची तारांबळ उडते.

जुन्या जहाजांचे खरे हाल या झुळूक नसलेल्या दिवसांत होत. वारा पडला तरी दूरवरून येणारी लाट थांबत नाही. जहाज जागच्या जागी डुलत राहते आणि रिकामी शिडे डोलकाठीवर आपटून झिजतात. पिंपांतले पाणी तळाला गेलेले असताना पावसाची सर आली, तर शिडांचे कापड ताणून पाणी धरत. अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी 1840 च्या दशकात जहाजांच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळून वाऱ्यांचे नकाशे काढले, तेव्हा हा पट्टा कुठे ओलांडावा हे नाविकांना आधीच ठरवता येऊ लागले. अटलांटिकमध्ये तो आफ्रिकेच्या बाजूला रुंद आणि पश्चिमेला चिंचोळा असतो. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतल्या शिडाच्या नौका आजही म्हणूनच पश्चिमेकडे सरकून तो पार करतात.

हा वाक्प्रचार समुद्रावरून किनाऱ्यावर आला असे सहज वाटते. प्रत्यक्षात क्रम उलटा दिसतो. ‘डल’, म्हणजे मंद, या शब्दावरून तो बनला असावा आणि 19 व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा अर्थ उदासी एवढाच होता. पुढे वाऱ्यावाचून अडकलेल्या जहाजाला आणि शेवटी त्या जागेलाच तो चिकटला. 30 अंशांजवळचे ‘अश्व अक्षांश’ही शांत वाऱ्यांचेच, पण ते वेगळे, तिथे हवा खाली उतरते आणि आकाश बहुधा निरभ्र असते. परीक्षेत या दोघांची गल्लत ठरलेली.

पट्टा एका जागी बसून नसतो, सूर्यामागे सरकतो. पावसाळ्यात भारतात तो गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. हवामानाच्या बातम्यांतला ‘मान्सूनचा आस’ तो हाच. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांना मुंबईहून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदराकडे जाताना आणि केपटाउनहून परतताना, असे दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागले.