काठोकाठ भरले तरी एकाच वर्षाचे

जून लागला की मुंबईत दोन पाऊस मोजले जातात. एक कुलाबा-सांताक्रूझचा, त्याने लोकल बंद पडतात. दुसरा तलावक्षेत्रातला, त्यावर घरचा नळ चालतो. दोघांचे जमेलच असे नाही. 2024 मध्ये 5 जूनला लागू झालेली 10 टक्के पाणीकपात 29 जुलैला उठली. मध्ये 8 जुलैला शहरात रूळ पाण्याखाली गेले होते, तेव्हाही कपात चालूच होती.

विहार आणि तुळशी हे दोन छोटे तलाव सोडले तर मुंबई पिते ते पाणी बाहेरचे: तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य आणि अप्पर वैतरणा. (ज्या शहापूर तालुक्यातून त्यातले बरेचसे येते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, हेही इथेच सांगून टाकू.) सातही तलावांची मिळून क्षमता सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर. रोजचा पुरवठा साधारण 3,900 दशलक्ष लिटर. भागाकार करून पाहा. 371 दिवस! तलाव काठोकाठ भरले तरी बेगमी जेमतेम वर्षाची, त्यातले थोडे वाफ होऊन जाणार. यंदाचा चांगला पाऊस पुढच्या वाईट वर्षासाठी राखायला कोठारच नाही. म्हणून पाऊस पंधरा दिवस लांबला की भातसा, अप्पर वैतरणाच्या राखीव साठ्याकडे डोळे लागतात.

आणि पाऊस हल्ली सलग पडत नाही. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवले. धरणाला अशा पावसाचा फारसा उपयोग नाही. भरले की दरवाजे उघडायचे. विहार भरून वाहिला की ते पाणी मिठी नदीत येते. पिण्याचाच तलाव, आणि त्याचेच पाणी पुराला!

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस मीटरवर 944 लिटर. माणशी रोज 135 लिटर धरले तर एका माणसाचे आठवड्याचे पाणी, सतरंजीएवढ्या जागेवर. सगळे समुद्रात गेले. छतावरचे पाणी जिरवण्याची सक्ती नव्या मोठ्या इमारतींना आहे. पण गच्चीचा पाइप खड्ड्यात सोडला की काम संपले असे नाही, गाळणी दरवर्षी साफ करावी लागते, आणि ते कुणी करताना क्वचितच दिसते.

माझ्या मते खरे घबाड सांडपाण्यात आहे. त्याला मान्सूनची वाट पाहावी लागत नाही. वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. तिथले शुद्ध पाणी शौचालयाला, बागेला, बांधकामाला चालेल. अडचण पाइपची आहे: जुन्या इमारतींत फ्लशला आणि स्वयंपाकघराला पाणी एकाच टाकीतून उतरते.