डब्ल्यूडब्ल्यूव्हीबीच्या बदलाने घड्याळे निकामी झाली नाहीत

अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स येथून ६० किलोहर्ट्झवर वेळ प्रसारित करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी केंद्राने २०१२ मध्ये संकेताची रचना बदलल्यामुळे रेडिओ-संकेतावरून वेळ लावून घेणारी जुनी रेडिओ-घड्याळे निकामी झाली, हा समज चुकीचा आहे. ही घड्याळे दर सेकंदाला वाहक लहरीची (संकेत वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओ-लहरीची) शक्ती किती काळ कमी राहते एवढेच मोजतात, आणि तो जुना संकेत तसाच ठेवून त्यावर फेजबदलाचा (लहरीच्या चढ-उताराची स्थिती बदलण्याचा) नवा संकेत चढवण्यात आला. फटका बसला तो वाहक लहरीच्या फेजशी जुळवून घेऊन वारंवारता प्रमाणित करणाऱ्या रिसीव्हरना (अफवेचे मूळही बहुधा तेथेच असावे), कारण फेज १८० अंशांनी उलटताच त्यांची जुळणी तुटते. त्यावरही हौशी मंडळींकडे उपाय आहे: संकेताचा वर्ग करणारे (त्याला त्यानेच गुणणारे) सर्किट जोडल्यास १२० किलोहर्ट्झची, फेज न उलटणारी लहर मिळते व तिची वारंवारता दोनाने भागून पुन्हा ६० किलोहर्ट्झ मिळवता येते.