शाईवाला फक्त गिरवतो?

कॉमिक्समध्ये शाई भरणारा पेन्सिलीची रेघ नुसती गिरवतो, हा समज अमेरिकन शाईवाले आणि संपादक डिक जिओर्दानो यांच्यावर फार अन्याय करतो. त्यांच्या काळच्या छपाईत पेन्सिलीची करडी छटा उमटतच नसे. उमटे ते फक्त ठाम काळं. त्यामुळे पेन्सिलीत पुसट सोडलेली बॅटमनच्या केपची सावली नेमकी कुठे संपते, हे शाईवाल्यालाच ठरवावं लागे. जवळची कड ब्रशने जाड, लांबची इमारत निबने बारीक. दोन्ही सारख्याच जाडीच्या झाल्या की माणूस मागच्या भिंतीला चिकटलेला दिसतो.

१९७६च्या सुपरमॅन-स्पायडरमॅन अंकात पेन्सिल रॉस अँड्रू यांची, शाई जिओर्दानोंची. आणि संपादकपद? ते त्यांनी १९६५पासून चार्लटन या कॉमिक्स प्रकाशन संस्थेतच सांभाळलं होतं. बॅटमनचे प्रकाशक असलेल्या डीसीत ते १९६८मध्ये आले.