बाटलीला कान फुटत नाहीत

कपाला कान असतो, कढईला दोन असतात, बादलीला कडी असते. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला जे असतं, त्याला मात्र आपण सरळ 'हँडल' म्हणतो. तो कॅन एकदा नीट न्याहाळा. अंग काचेसारखं आरपार दिसणारं, आणि हँडल पिवळं नाहीतर हिरवं, हाताला किंचित मेणचट लागणारं. ते वेगळ्या प्लॅस्टिकचं आहे, वेगळ्या यंत्रावर बनलंय आणि मग कॅनला बसवलंय. आता मोरीतला फिनेलचा पाच लिटरचा पांढरा कॅन बघा. त्याचं हँडल अंगचंच आहे. पोकळसुद्धा आहे, कॅन कलंडला की फिनेल त्यातही शिरतं. मग तेलाच्या कॅनलाच हे उसनं हँडल कशाला?

दोघांचा जन्म वेगवेगळा. फिनेलचा कॅन एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचा. सोऱ्यातून शेव पडावी तशी यंत्रातून वितळलेल्या प्लॅस्टिकची जाड, पोकळ नळी खाली लोंबते. साच्याचे दोन भाग दोन्ही बाजूंनी येऊन तिला कवेत घेतात. जिथे बोटं घालायची फट हवी, तिथे साचा नळीला चिमटा काढतो. गरम भिंती एकमेकींना चिकटतात आणि मग आत हवा सोडली की बाकीची नळी फुगून कॅन आणि हँडल एकदमच तयार होतात. फटीतला चिकटलेला पापुद्रा नंतर कापून टाकतात. त्या चिमट्याची खूण, म्हणजे सांध्याची रेघ, कॅनच्या बुडावर आणि हँडलच्या आतल्या कडेला बोटाला लागते.

तेलाच्या कॅनच्या बुडाशी तशी रेघ नसते, बरोबर मध्यावर एक छोटा टिपका असतो. तो कॅन पेट नावाच्या प्लॅस्टिकचा, आणि त्याची सुरुवात परीक्षानळीसारख्या जाड, बुटक्या नळकांड्यापासून होते. त्याला कारखान्यात प्रीफॉर्म म्हणतात. याचं तोंड आणि झाकणाचे आटे आधीच तयार असतात. टिपका म्हणजे साच्यात प्लॅस्टिक शिरलं ती जागा. प्रीफॉर्मचं अंग साधारण 100 अंशांपर्यंत तापवतात. वितळवत नाहीत, पेट वितळायला 250 अंशांच्या आसपास जावं लागतं. मग आतून एक सळई त्याला लांबीत ताणते आणि 40 बारपर्यंतच्या दाबाची हवा त्याला रुंदीत फुगवते. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या जवळपास वीसपट हा दाब, आणि हे सगळं काही सेकंदांत उरकतं.

खरी गंमत या ताणण्यात आहे. पेटचे रेणू लांबलचक साखळ्यांचे, एरवी शेवयांसारखे गुंतलेले. ताणलं की ते एका दिशेने ओळीत लागतात आणि पदार्थ कितीतरी मजबूत होतो. पिंजलेला कापूस आणि पिळलेलं सूत यांत जसा फरक, तसाच. इथे सुताची उपमा ओढूनताणून आणलेली नाही. विनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी 1941 मध्ये पेट शोधलं ते धाग्यासाठीच. आपल्या पॉलिएस्टर साड्या आणि तेलाचा कॅन एकाच कुळातले. धागा एकाच दिशेने ताणला तरी भागतं, बाटली मात्र उभी-आडवी दोन्हीकडे ताणावी लागते. ते जमवलं अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीच्या नॅथॅनिएल वायेथ यांनी, आणि 1973 मध्ये पेटंट मिळवलं. म्हणे त्यांनी आधी साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जिंजर एल, म्हणजे आल्याचं फसफसणारं पेय, भरून फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं होतं. सकाळी बाटली टम्म फुगलेली.

हा ताण बाटलीच्या अंगात कायम मुरलेला असतो. पाण्याची रिकामी बाटली मोरीत उभी करून तिच्यात जपून उकळतं पाणी ओता. बाटली आक्रसून वेडीवाकडी होईल, पण तोंड आणि आटे फारसे आक्रसणार नाहीत. तेवढा भाग ताणलेलाच नसतो.

आता हँडल. प्रीफॉर्म फुगवणं म्हणजे फुगा फुगवणं, आणि फुगा कितीही फुगवला तरी त्याला आरपार भोक पडत नाही. भोकासाठी चिमटा काढून भिंती चिकटवायला हव्यात. पण 100 अंशांचं, ताणलं जाणारं पेट एकमेकांना चिकटायला राजी नसतं. फिनेलच्या कॅनसारखी नळी सोडावी, तर वितळलेलं साधं पेट काकवीसारखं पातळ, लोंबता लोंबताच ओघळतं. मुद्दाम घट्ट केलेलं पेट मिळतं, त्याच्या हँडलवाल्या बाटल्याही होतात. पण त्यात हा ताण बसत नाही, म्हणजे मजबुती हवी तर भिंत जाड करा आणि जास्त माल घाला. कॅन एचडीपीईचा केला तर आरपार दिसत नाही, शिवाय त्यातून ऑक्सिजन पेटपेक्षा खूपच सहज आत येतो आणि तेल खवट व्हायला मदत होते.

म्हणून कान बाहेरून आणायचा. सोपा मार्ग गळ्याचा. आट्यांच्या खाली जी गोल कडा असते, तिच्याखाली हँडलची चकती दाबून बसवतात. गळा ताणलेला नसल्यामुळे त्याची मापं अगदी नेमकी राहतात, त्यामुळे चकती हलत नाही. पाण्याच्या मोठ्या बाटल्यांना उचलायला एवढं पुरतं. तेल ओतायचं तर मात्र पंचाईत. भरलेला पाच लिटरचा कॅन साडेचार किलोहून जास्त भरतो, आणि पातळ अंगाला मिठी मारून ओतायला गेलं की हाताच्या दाबाने धार कढईऐवजी ओट्यावर. तिथे बाजूला उभं हँडलच हवं.

ते बसवायची मला आवडलेली रीत अशी: हँडल आधीच साच्यात ठेवतात आणि बाटली त्याच्याभोवती फुगवतात. हँडलच्या टोकांना शेंड्याशी रुंद, मुळाशी अरुंद असे खुंट असतात. फुगणारं पेट त्यांच्यामागे शिरतं आणि गार होऊन त्यांना धरून ठेवतं. गोंद नाही, वितळवणं नाही, नुसती पकड. कसब लागतं ते जाडी सांभाळायला. साच्याला सगळ्यात शेवटी टेकणारा कोपरा सगळ्यात पातळ होतो, आणि खुंटामागची जागा नेमकी तीच, जिथे उचलताना सगळा भार येतो. म्हणून प्रीफॉर्मचा कुठला पट्टा किती तापवायचा, यावरच तंत्रज्ञांचा निम्मा दिवस जातो.

हँडल बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचं. भरीव, जाड केलं तर साच्यात गार व्हायला वेळ लागतो आणि वर खड्डे पडतात, म्हणून आतून पोकळ, पन्हळीसारखं किंवा फासळ्या घालून करतात. धरायची बाजू रुंद आणि कडा गोल. तेवढंच वजन एक सेंटिमीटरऐवजी तीन मिलिमीटरच्या पट्टीवर आलं तर बोटांवरचा दाब तिपटीहून जास्त होतो. बाजाराची पिशवी बोटांत रुतते, ती याचमुळे.

कॅन रिकामा झाला की पुनर्वापराच्या कारखान्यात हे उसनेपण कामाला येतं. कॅन हँडलसकट चिरडून तुकडे पाण्याच्या हौदात टाकतात. पाण्याची घनता 1 धरली तर पेटची 1.38 च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची 0.9, त्यामुळे पेट बुडतं, हँडल तरंगतं आणि दोघे आपोआप वेगळे होतात. दोन्हींचा एकेक तुकडा कापून तांब्यात टाकून बघा. पाण्यात साबणाचा थेंब घाला, नाहीतर पेटच्या तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून तोही उगाच वर तरंगत राहील.