ऐकणाऱ्याच्या मानगुटीवर

रात्रीची गाडी परभणीहून सुटते. समोरच्या बाकावरचा माणूस भाकरीचं फडकं सोडतो, ठेचा पुढे करतो. "गाव कोणतं, पाहुणे?" मग आडनाव, मग सोयरे कुठले. आणि पूर्णा यायच्या आत हलक्या आवाजात सांगून टाकतो, की बांधाच्या भांडणात चुलतभावाला विहिरीत त्यानंच ढकललं होतं.

अनोळखी माणसापाशी दिलेल्या अशा कबुलीचं मूळ बहुतेक जण रेल्वेच्या डब्यात शोधतात. टॉलस्टॉयच्या १८८९ च्या 'क्रॉइट्झर सोनाटा'मध्ये बायकोचा खून केलेला नवरा सहप्रवाशापाशीच तोंड उघडतो. मनमाड-हैदराबाद मीटरगेज १९०० च्या सुमारास आली, तेव्हा डबा आपल्याकडेही होताच. पण मला हे मूळ फार अलीकडचं वाटतं. खरं मूळ पैठणला आहे.

सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरात बसून 'कथासरित्सागर' लिहिला. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन मात्र गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी निघालो परत झाडावर. शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही, तेव्हा वेताळ खूश होऊन खरं सांगतो: ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत वाहतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. लहानपणी आपण हे गंमत म्हणून ऐकतो. पण ऐकणाऱ्याची अशी दुहेरी कोंडी रेल्वेच्या किती आधी बांधून झाली होती, बघा.

कायद्यानंही ती कोंडी सोडवलेली नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच. डब्यातल्या परक्या माणसाला दिलेली कबुली मात्र कोर्टात येऊ शकते. कोर्ट तिला दुबळा पुरावा मानतं, दुजोरा मागतं, पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं ते ऐकणाऱ्याला. शिवाय खुनाची माहिती असेल तर वाजवी कारणाशिवाय ती दडवता येत नाही. गप्प बसायची सोय नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यानं १९०८ मध्ये लिहिलं, की जवळच्यांपासून लपवलेलं माणूस परक्याला सांगतो, कारण परका कुठल्याच गोतावळ्यात बांधलेला नसतो. बर्लिनमध्ये नसेल. मराठवाड्यात तिसऱ्या प्रश्नाला मावसभावाची सासुरवाडी निघते आणि परका परका राहत नाही. म्हणून इथल्या कथेत कबुलीपेक्षा तिच्या आधीची विचारपूस मला जास्त घाबरवते. ठेचा पुढे करणाऱ्यानं तुमचं गाव, आडनाव, सोयरे सगळं विचारून घेतलं. त्याचं गाव विचारायचं तुमच्याकडून राहूनच गेलं.