चौकोनावर गोल बसतो कसा?

मुंबईच्या जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा घुमट शंभर वर्षं टिकला तो चुन्यात घातलेल्या अंड्यांमुळे आणि गुळामुळे, असा एक फॉरवर्ड परवा तिसऱ्यांदा आला. चुन्यात गूळ घालायची रीत होती, नाही असं नाही. पण घुमट गुळाने उभा राहत नाही, आकाराने राहतो.

सीएसएमटीशेजारच्या या टपाल कार्यालयाचं काम १९०४ ते १९१३ चाललं. वास्तुकार जॉन बेग. काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड, आणि घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. सरकारी इमारतींना असा देशी साज चढवायची तेव्हा फॅशनच होती.

आता खरी गंमत. अर्ध्या संत्र्याची साल ताटात उपडी ठेवा आणि तळव्याने दाबा. माथा शाबूत राहतो, कड मात्र उभी फाटते. दगडी घुमटाचंही तेच. तो एकावर एक रचलेल्या कड्यांचा समजा. वजनाने वरची कडी आवळली जातात, खालची फाकू पाहतात. अर्धगोलात हा बदल माथ्यापासून, केंद्राशी मोजलेल्या सुमारे ५२ अंशांवर होतो. त्याखालच्या कड्यांत ताण येतो. दगड दाब मजेत सोसतो, ताण आला की तडकतो. म्हणून घुमटाच्या पायथ्याला बाहेरून कुणीतरी धरून ठेवायला हवं.

गोलघुमटाच्या कारागिरांनी तो आतून धरला. १६५६ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीचं दालन चौकोनी, बाजू सुमारे ४१ मीटर. त्यात एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी, जणू दोन चौकोन ४५ अंशांनी फिरवून एकावर एक ठेवलेत. वर जाताना त्या आत झुकतात, चौकोनाचा अष्टकोन, मग वर्तुळ होतं. घुमट या वर्तुळाच्या आतल्या कडेवर नाही, बराच मागे सरकून बसलाय. म्हणजे घुमट बाहेर रेटतो, आणि आत झुकलेल्या कमानींचं वजन आत ओढतं. दोघांची रस्सीखेच, निकाल बरोबरीत.

आत पुढे आलेला तो पट्टा म्हणजेच तिथला प्रसिद्ध सज्जा. त्यावर उभं राहून लोक टाळ्या वाजवतात आणि प्रतिध्वनी मोजतात. पायाखाली काय आहे ते वाकून बघणारा मी तरी अजून पाहिलेला नाही.